कॉन्व्हेंटातली मराठी

मघाशी ओळख करून देताना तुम्ही मला ‘कॉन्व्हेंटच्या बाई’ म्हणालात. कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचा मठ. आमची शाळा पॅरिशची, चर्चच्या आवारातली, फादरांच्या घराला लागून. पण मुंबईत मराठी माणसाला शाळेवर क्रॉस दिसला की ती कॉन्व्हेंट. एकतीस वर्षं तिथे मराठी शिकवली, त्यात ही दुरुस्ती करायची मी केव्हाच सोडून दिली.

या शाळा बड्या घरच्या मुलांसाठी निघाल्या, असं आपण धरून चालतो. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ साली सुरू झाली ती अनाथ मुलग्यांसाठी. माझगावची सेंट मेरीज १८६४ची, धोबीतलावची सेंट झेवियर्स १८६९ची. तिन्ही जेझुइटांच्या, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाच्या फादरांच्या, आणि तेव्हा इथले जेझुइट बरेचसे जर्मन. पहिलं महायुद्ध लागलं तसे ते इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू झाले. स्थानबद्धता आली, मग मायदेशी रवानगी. पुढे स्पेनचे फादर आले. झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवणारे फादर हेरास त्यांतलेच, १९२२ साली आलेले. म्हणजे मुंबईच्या पोरांना इंग्रजी शिकवलं कुणी, तर जर्मनांनी आणि स्पॅनिशांनी!

आणि शिकणारे कोण? वांद्रे, माझगाव, गोराई, मनोरी इथले जुने कॅथलिक. पोर्तुगीज अमलात धर्म बदलला, भाषा बदलली नाही. नोकरीसाठी गोव्याहून, मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपासून आपण वेगळे, हे दाखवायला १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण लग्नात बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणणार, मसाला कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासणार, आणि भांडणार ते मराठीत. या मराठीला शाळेत जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात राहिली.

आपण बाकीची मराठी माणसं मात्र या शाळांबाहेर रांगेत उभे. ६ जानेवारी १९५४ला मुंबई सरकारनं आदेश काढला, की इंग्रजी माध्यमात अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून कुणाला नव्यानं घ्यायचं नाही. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली. ती शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन; पण टांगती तलवार सगळ्यांवरच होती. सोबत दोन बाप होते. एक भारतीय ख्रिस्ती, त्यांचं म्हणणं आमची मातृभाषाच इंग्रजी. दुसरे गुजराती हिंदू. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की असा प्रवेश नाकारता येणार नाही. त्या निकालानं उघड्या राहिलेल्या दारातून आपली किती मुलं आत गेली, हे या सभागृहात हात वर करायला सांगितलं तरी कळेल. नको, राहू द्या.

आतलं जगणं तसं साधंच. बाराला चर्चची घंटा झाली की एंजलसच्या प्रार्थनेसाठी अख्खा वर्ग उभा. कॅथलिक पोरं ओठ हलवणार, बाकीची नुसती उभी, डोळे डब्याच्या पिशवीकडे. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक पोरं एका खोलीत, उरलेली ‘मॉरल सायन्स’ला. मॉरल सायन्स म्हणजे बहुतेक वेळा बाकाखाली बुक क्रिकेट. फेटच्या, म्हणजे शाळेच्या जत्रेच्या दिवशी हाउजीचे (तंबोल्याचे) आकडे पुकारायला माझा आवाज लागायचा, कारण माइक दरवर्षी बिघडायचा.

एक ओपन डे मात्र डोक्यातून जात नाही. आई इंग्रजीच बोलणारी, म्हणून नातवाची लोअर मराठीची, म्हणजे सोप्या पातळीच्या मराठीची उत्तरपत्रिका बघायला आजी आली होती. लुगडं, गळ्यात क्रॉस. पोरानं निबंधात लिहिलं होतं, ‘मना भूक लागली.’ मी ‘मना’खाली लाल रेघ मारून ‘मला’ लिहिलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता. आजीनं रेघेवर बोट ठेवलं.

“बाय, मना नाय त काय म्हनू?”

तिच्या घरात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पाठ्यपुस्तक तिच्यापुढे कालचं. मी काय सांगणार? लाल शाई खोडता येत नाही. समासात अर्धा मार्क वाढवला, बेरीज बदलली, खाली सही केली. तरी तो दीड मार्कानं नापासच राहिला.