मागाची जाळी, कॅमेऱ्याची जाळी

(दृश्य : पूर्व भागातली गल्ली, सकाळ. आधी फक्त मागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस मागांच्या खटखटीनं उजाडतो. मधूनच कुणी तेलुगूत हाक मारतं, ओ मात्र मराठीत येते. इथल्याच एका शेडमध्ये आम्ही चादर विणणाऱ्या एका काकांची मुलाखत घ्यायला गेलो. काकांनी शूटिंगसाठी म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. निळा, बारीक चौकड्यांचा.

कॅमेरा सुरू झाला आणि त्या शर्टावर लाटा उठल्या. गुलाबी, हिरवट, वाकड्यातिकड्या. प्रत्यक्षात कापड अगदी स्वच्छ होतं.

काकांनी विचारलं, "शर्ट बदलून येऊ का?"

(दृश्य : दोन मच्छरदाण्या एकावर एक, हळूहळू सरकवलेल्या.)

या लाटांना मॉयरे म्हणतात. हा शब्दही कापडाचाच आहे. दाब देऊन पाण्याच्या लहरींसारखी झाक आणलेल्या रेशमाचं ते फ्रेंच नाव. घरी करून बघायचं तर दोन मच्छरदाण्या एकावर एक धरा. दोन्हींच्या जाळीत नसलेली तिसरीच नक्षी समोर येते. इथंही तेच झालं. एक जाळी उभ्या-आडव्या धाग्यांची, दुसरी कॅमेऱ्यातल्या सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंची.

साधा हिशेब आहे. फुल एचडी चौकटीत आडवे 1920 बिंदू असतात. समोरचं एक मीटर रुंदीचं दृश्य त्यात बसवलं, तर एका बिंदूच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. शर्टावरची रेघही अर्ध्या मिलिमीटरची असली, की एक काळा बिंदू, एक पांढरा बिंदू, आणि तिथं मर्यादा संपते. एका पूर्ण आवर्तनाला, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघांच्या एका जोडीला, निदान दोन नमुने, इथं दोन बिंदू, लागतात. हे हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 साली तारायंत्राच्या संदर्भात मांडलं होतं. रेघ याहून बारीक झाली, की कॅमेरा तिच्याऐवजी भलतीच जाड रेघ दाखवतो. त्याला एलियासिंग म्हणतात.

मग रंग कुठून आले? सेन्सरचा प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटमधली रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे : निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. लाल-निळे विरळ, म्हणून तेच आधी फसतात.

(दृश्य : चौकटींच्या कागदावर वेलीची नक्षी.)

काकांना हे समजावायला गेलो, तर त्यांनी जकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचा, नक्षीचा कागद पुढे केला. वेलीचं वळण काढलं होतं आणि चौकटींमुळे त्याला पायऱ्या पडल्या होत्या. कागद जाडाभरडा तर पायऱ्या मोठ्या, बारीक तर छोट्या. "तुमच्या कॅमेऱ्यात पण असंच ना?" अगदी असंच. इतकं नेमकं उदाहरण आम्हाला सुचलं नव्हतं.

शर्ट बदला, हा सल्ला सगळेच देतात. बातम्या सांगणाऱ्यांना तो ठीक आहे. इथल्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदीचं, म्हणजे बंदांच्या अंगरख्याचं, पांढरं कापड टिपताना आम्हालाही काही त्रास झाला नव्हता. पण विणकराच्या घरी जाऊन कापड बाजूला ठेवायला सांगणं आम्हाला पटेना. सरकायचं तर कॅमेऱ्यानं सरकावं.

म्हणून आम्ही पुढे गेलो. चौकटीत अर्धा मीटर रुंदीचंच दृश्य घेतलं, तेव्हा प्रत्येक रेघेला जवळपास दोन बिंदू मिळाले आणि लाटा विरल्या. मोठ्या चौकटीसाठी दुसरी युक्ती केली : अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, उघडं ठेवून फोकस डोळ्यांवर धरला. छातीवरचं कापड किंचित मऊ, म्हणजे धूसर झालं. चेहरा बघणाऱ्याला ते कळतही नाही. पण लेन्समधूनच बारीक रेघ मऊ होऊन आली, की सेन्सरला फसायला काही उरत नाही. काही कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे स्फटिकाची पातळ काच हेच काम करते. जास्त धारदार चित्रासाठी निकॉननं 2012 च्या डी 800 ई मध्ये तिचा परिणाम काढून घेतला होता. कापडाच्या गावात येताना मात्र ती काच असलेलाच कॅमेरा आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर विसंबू नका. चित्र लहान करताना तो स्वतःच्या लाटा घालतो आणि खऱ्या लपवतोही. एक तुकडा टिपून पूर्ण आकारात पाहा. संकलनात फक्त रंग धूसर करून गुलाबी-हिरवी झाक कमी करता येते. पण उजेड-अंधाराच्या लाटा निघत नाहीत, कारण त्यांच्याखालची खरी वीण टिपलीच गेलेली नसते.

(दृश्य : पहिला शॉट. काका बोलत आहेत.)

पहिल्या शॉटमधले हे काही क्षण आम्ही मुद्दाम तसेच ठेवलेत. खांद्याकडे बघा. काका श्वास घेतात, कापड केसभर हलतं आणि लाट खांद्यापासून खिशापर्यंत धावते.