धाकट्या भावाची उडी

(दृश्य: व्हीएचएस टेपची थरथर. पार्किंग लॉट. पांढऱ्या सैल कपड्यांतला मुलगा धावतो.)

ऑक्टोबर १९८५. न्यूयॉर्कजवळचं चॅपाक्वा. धावणारा मुलगा डेव्हिड मेकनर. कॅमेऱ्यामागे त्याचा थोरला भाऊ जॉर्डन. धाव, थांब, वळ. परत एकदा. आता उडी मार.

थांबताना त्याचे पाय बघा. तो खांबासारखा उभा राहत नाही. आधी जरा घसरतो, मग तोल सावरतो, मग वळतो.

(दृश्य: गेममधला राजपुत्र. तेच घसरणं, तेच वळणं.)

ओळखीचं वाटतंय?

प्रिन्स ऑफ पर्शिया, जॉर्डनने बनवलेला कॉम्प्युटर गेम. आपल्याकडे नुसतं ‘प्रिन्स’. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांची बोटं अजून शिफ्टच्या बटणाकडे जातात. शिफ्ट धरून एकेक पाऊल जपून टाकायचं, कारण पुढे जमिनीतून भाले वर यायचे. हातात ६० मिनिटं. १२ लेव्हल. वर मनोऱ्यात राजकन्या, मध्ये वजीर जाफर.

त्याआधीच्या खेळांत माणूस म्हणजे चार चौकोन. उडी मारली की चेंडूसारखा वर, चेंडूसारखा खाली. जॉर्डनला तसा नको होता. येल विद्यापीठात शिकतानाच त्याने ‘कराटेका’ हा गेम केला होता. ब्रोडरबंड कंपनीने तो १९८४ मध्ये काढला आणि तो चांगला चाललाही. त्यातल्या हालचालीही त्याने फिल्मवरून उतरवल्या होत्या. आता त्याला अख्खं शरीर हवं होतं, वजनासकट.

(दृश्य: अंधारी खोली. टीव्हीसमोर तिकाटण्यावर कॅमेरा.)

हे चित्रण आमचं आहे. जॉर्डनने जे केलं ते एका फ्रेमपुरतं करून बघितलं.

टेप लावायची. नेमक्या क्षणी थांबवायची. पडदे ओढून टीव्हीच्या काचेवरच्या चित्राचा रोल कॅमेऱ्याने फोटो काढायचा. एक फ्रेम पुढे. पुन्हा फोटो. रोल धुवायला टाकायचा. प्रिंट आल्या की काळा मार्कर आणि व्हाइटनर घेऊन बसायचं. आकृती एका रंगात, बाकी सगळं दुसऱ्या. कोपर कुठे संपतं आणि शर्ट कुठे सुरू होतो, हे आपणच ठरवायचं. मग झेरॉक्स, म्हणजे मधले करडे रंग निघून जातात आणि कडा स्वच्छ येते. ती झेरॉक्स व्हिडिओ कॅमेऱ्याखाली ठेवून ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, आणि पडद्यावर एकेक ठिपका हाताने साफ करायचा.

आमच्या तिघांची अख्खी दुपार एका कोपरात गेली. व्हाइटनरचा वास दुसऱ्या दिवशीही बोटांना होता.

धावणं, वळणं, उडी, कठड्याला लोंबकळणं, वर चढणं. प्रत्येकाच्या अशा अनेक फ्रेम.

तलवारबाजीला मात्र डेव्हिड कामाचा नव्हता. त्यासाठी १९३८च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोनचं द्वंद्व कामी आलं. त्यात जेमतेम सहा सेकंद असे आहेत की दोघे कॅमेऱ्याला अगदी आडवे दिसतात. हक्कांमुळे तो तुकडा इथे दाखवता येत नाही. गेममधली तलवार दाखवतो, तेवढ्यावर भागवा.

मधल्या काळात जॉर्डन गेम बाजूला ठेवून सिनेमाची पटकथा लिहीत बसला. त्याचं चित्रण नाही. पुढे जाऊ.

(दृश्य: चौथी लेव्हल. आरसा. राजपुत्र धावत येऊन आरशातून उडी मारतो.)

हा प्रसंग पुन्हा बघा. पलीकडून कोण पळालं?

धाकट्या भावाच्या एवढ्या चित्रांनी ॲपल टूची मेमरी भरून गेली होती. शत्रूला जागाच उरली नव्हती. नुसती दारं, भाले, निखळणाऱ्या फरशा. अंगावर येणारं कुणी नाही. मग जॉर्डनने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एका ठिपक्याने सरकवली आणि त्यांच्यावरच ठेवली. जिथे दोन्ही जुळली तिथे काळोख, जिथे फरक पडला तिथे उजेड. एक चमकती, पोकळ आकृती तयार झाली, आणि तिला नवं चित्र एकही लागलं नाही. हा शॅडो मॅन. पुढच्याच लेव्हलला तो तुमच्या वाट्याची बाटली पिऊन जातो. बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर उभा राहतो. त्याला मारलंत तर तुम्हीच मरता. तलवार म्यान करायची आणि सरळ त्याच्यात शिरायचं.

पहारेकऱ्यांसाठीची मेमरी नंतर कोपरे झाडूनझाडून काढली. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं.

(दृश्य: जुन्या खोक्यांची कव्हरं, एकामागून एक.)

ऑक्टोबर १९८९ मध्ये गेम ॲपल टूवर आला. कौतुक झालं, खप झाला नाही. ते मशीनच तोवर बारा वर्षांचं म्हातारं झालं होतं. १९९० मध्ये पीसीच्या डॉसवर आला, मग जपान, युरोप, १९९२ मध्ये मॅकिंटॉश, आणि तिथून सगळीकडे. २००३ मध्ये युबीसॉफ्ट कंपनीचा नवा अवतार, २०१० मध्ये हॉलिवूडचा सिनेमा.

आपल्याकडे तो आला फ्लॉपीवरून. पहिली लेव्हल संपली की बाटल्यांनी भरलेली एक खोली यायची, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. सोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि तीच बाटली प्या. चोरून केलेली प्रत ओळखायची ही युक्ती. फ्लॉपी कुणाच्या तरी मावसभावाकडची. पुस्तिका कुठून असणार? अंदाजाने प्यायचो. कुणीतरी ‘मेगाहिट’ हा लेव्हल टाळून पुढे जायचा परवलीचा शब्द घेऊन आला आणि क्लासमध्ये त्याला आठवडाभर मान मिळाला.

(दृश्य: पुठ्ठ्याचं खोकं. साडेतीन इंची डिस्क.)

मूळ गेमचा सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेला मूळ प्रोग्राम, हरवलाय, असंच जॉर्डन धरून चालला होता. २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या कपाटात मागच्या बाजूला एक खोकं सापडलं. डिस्क होत्या, पण वीस वर्षं पडून राहिलेल्या डिस्कवरचं चुंबकत्व विरत जातं. चालू करून बघू म्हणून भलत्या ड्राइव्हमध्ये घातलं की उरलंसुरलंही जातं. जॉर्डनने घाई केली नाही. जुनं डिजिटल साहित्य जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपल मशीनचे जाणकार टोनी डियाझ यांना बोलावलं. एप्रिलमध्ये एकेक डिस्क वाचून झाली. ॲपल टूच्या ६५०२ प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेतला सगळा कोड जॉर्डनने गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला. आज तो कुणीही उघडून बघू शकतो.

(दृश्य: माळा. धूळ. सव्वापाच इंची फ्लॉपी, लेबलवर निळ्या शाईत ‘प्रिन्स’.)

ही आमच्या माळ्यावरची. पाकिटाला ओल लागली आहे, चकतीवर बुरशीचा एक ठिपका आहे. कापसाने पुसली, वाळवली, जुन्या ड्राइव्हमध्ये घातली, खटका खाली केला.

ड्राइव्हचा आवाज ऐका.

(दृश्य: काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत डिस्क वाचता न आल्याचा डॉसचा संदेश.)

अबॉर्ट, रिट्राय, फेल?

रिट्राय.

(दृश्य: ड्राइव्हचा लाल दिवा पुन्हा लागतो.)