वीणेचा पहारा

नमस्कार, श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी २८ वर्षं सिस्टर होते. देवाधर्मावरच्या श्रद्धेनं समाजाची तब्येत सुधारते की बिघडते, यावर मला आज बोलायचंय. त्यासाठी एकाच गावातल्या दोन रात्री सांगते.

पहिली श्रावणातली. पहाटे सहाला दवाखान्याच्या दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत गोधडीवर तिशीतली बाई. कपाळाला शेंदूर, ओठाच्या कडेला लिंबाच्या पाल्याचा हिरवा रस. रात्री जमिनीवर झोपली असताना मुंगी चावल्यागत झालं, मग पोटात कळा यायला लागल्या. आपल्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात, आणि पान लागलं की माणसाला मारुतीच्या पारावर नेतात. तिलाही नेलं. लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही, असं ठरलं. पुढं तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, झोप येतीय.

ती झोप नव्हती. मण्यार चावली की फारसं दुखत नाही, सूज येत नाही. पण विष नसांवर चालतं. आधी पापण्या पडतात, मग घोट गिळवत नाही, शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. आम्ही इंजेक्शनं सुरू केली, हातानं फुगा दाबत श्वास देत तिला जिल्ह्याच्या गावी पाठवलं. वाटेतच गेली.

त्या पारावर अख्खी भजनी मंडळी रात्रभर जागली होती. कुणी डोळ्याला डोळा लावला नाही. एवढी माया, एवढं जागरण, आणि सापाच्या विषावरचं औषध अकरा किलोमीटरवर आमच्या फ्रिजमध्ये. हे आठवलं की आजही जीव तुटतो.

लोक अडाणी आहेत म्हणून पारावर जातात, हे मला पटत नाही. पारावरून पुष्कळ जण खरंच बरे होऊन घरी जातात. धामण, दिवड बिनविषारी. आणि नागसुद्धा कधीकधी विष न सोडता चावतो. जो वाचला तो जन्मभर मारुतीचं नाव घेतो. जो गेला त्याचं आयुष्यच तेवढं होतं म्हणतात.

दुसरी रात्र हरिनाम सप्त्याची. आमच्याकडं एक शेतकरी झोपेच्या गोळ्यांसाठी यायचा. तरण्याताठ्या पोरानं कर्जापायी फवारणीचं औषध घेतलं होतं. बापाला रात्री दोननंतर झोप नव्हती. सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. गावानं दोन ते चारचा पहारा या बापाच्या नावावर लिहिला. मुद्दाम. सोबत टाळ घेऊन शेजारचा गडी. चारला काकड्याची माणसं यायची, तोवर हा वीणा छातीशी धरून उभा. त्याच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत. पण पुढच्या वेळी आला तेव्हा तो शेजारी बरोबर होता, आणि गोळी कधी घ्यायची ते त्यानंच मला विचारून घेतलं.

फ्रान्सच्या एमिल दुर्खेम यांनी १८९७ साली आत्महत्यांवर ग्रंथ लिहिला. माणूस समाजाशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर त्यांचा भर होता. मला ते त्या वीणेपाशी समजलं. गळ्यात माळ घातली म्हणून दारू सुटलेले गडीही मी पाहिलेत. त्यांच्या बायकांच्या अंगावरचे वळ कमी झालेले पाहिलेत.

पण सगळ्यांनाच बांधतं का? त्याच सप्त्याच्या पंगतीत काही घरं कडेला, वेगळी बसलेली मी पाहिली. आपल्या औंढ्याची कथा आपण सांगतो, नामदेवांना देवळामागं बसवलं तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर घेतलं. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, आणि पंगत मात्र तशीच बसते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला कोण कुणाशेजारी बसलं, कुणी विचारत नाही. अपमान गिळून जेवणाऱ्याची तब्येत कुठल्या प्रसादानं सुधारणार?

ती बाई गेल्यावर मी त्या गावात गेले. मारुतीला नेऊ नका, असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कुणी ऐकलंही नसतं. गुरवमामांच्या ओसरीवर बसले आणि पापण्यांचं सगळं सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाई, वीणा जशी खाली टेकू देत नाही, तसं पान लागलेलं माणूस पारावर टेकू द्यायचं नाही. अंगारा मी गाडीतच लावतो.”

भाद्रपदात एक पोरगं आलं, चावल्यापासून तासाच्या आत, जीपमधून. पाय सुजलेला, कपाळाला अंगारा. काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं; गोठलं नाही. घोणस. लगेच औषध सुरू केलं. भजनी मंडळी रात्रभर व्हरांड्यात बसून होती. टाळ गावातच ठेवून आली होती, वॉर्डात पेशंट झोपलेत म्हणून.