धुराड्याची काजळी चुलीत तयार होते

आज येताना मी कागदात बांधून एक खडा आणला आहे. तो हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्यावा. पाहताना ही गुळाच्या ढेपेची काळी पडलेली कपरी वाटेल, पण वास घेतला की जळक्या डांबराची आठवण होते. माझ्याच घरी अंघोळीच्या पाण्याच्या बंबाला जोडलेल्या धुराड्यातून हा निघाला आहे आणि आजचे सगळे बोलणे त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

लाकूड पेटते तेव्हा त्याचा सगळाच भाग जळत नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेला राळेसारखा अंश धुराबरोबर वर चढतो, आणि धुराड्याची भिंत साधारण १२० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असली की तिच्यावर तो गोठतो. आधी भुसभुशीत काजळी धरते, मग कुरकुरीत पापुद्रे येतात आणि दुर्लक्ष होत राहिले की या खड्यासारखे चकचकीत कवच तयार होते. काजळी ब्रशने निघते. कवच सहजासहजी निघत नाही, आणि पेटले तर धुराड्याच्या आतले तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. बंबात तर धूर पाण्याने वेढलेल्या नळीतूनच वर जातो, म्हणजे तो निवण्याची सोय आपणच करून ठेवलेली असते.

दोष मात्र आपण धुराड्याला देतो. नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते; ते वाफ होऊन जाईपर्यंत जाळ रडतो आणि धूर दाट होतो. वीस टक्क्यांहून कमी ओल असलेले लाकूड खरे जळाऊ. त्यासाठी यंत्र लागत नाही: दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा, आणि टोकांना भेगा दिसाव्यात. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन फुकट मिळणाऱ्या भुसावळ-जळगावच्या माणसाने ओले लाकूड जाळावे, याला मी आळस म्हणतो. ओंडके फोडून, जमिनीपासून उचलून, वारा खेळेल असे रचावेत आणि पावसाआधी वरून झाकावेत. पऱ्हाटीचेही, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचेही तेच. गंजी उघड्यावर भिजली की श्रावणात तीच पऱ्हाटी नुसती धुमसते. शेतात भरताचे वांगे भाजताना धुराचा वास हवाच असतो. घराच्या नळीला त्याची हौस नसते.

आता माझी फजिती. पौषातल्या एका पहाटे बंब पेटेना, म्हणून मी ओल्या लाकडांवर सुक्या पऱ्हाट्यांची मोळीच कोंबली. जाळ एकदम उंच गेला आणि वर नळीत घोंघावणारा आवाज सुरू झाला. तो कसा, हे रुळांशेजारी राहणाऱ्या भुसावळकरांना सांगायला नको. नळी छपराखाली लालसर दिसू लागली. गवंड्याने ती सागाच्या तुळईपासून जेमतेम दोन बोटे दूर बसवली होती, आणि मीही तेव्हा हरकत घेतली नव्हती. साध्या पत्र्याच्या एकेरी नळीपासून लाकूड किमान ४५ सेंटिमीटर दूर असावे, हे मला त्यानंतर कळले. तुळई करपली, पेटली नाही, एवढेच नशीब.

अशा वेळी वरून पाणी ओतू नये. तापलेली वीट किंवा खापराची नळी तडकते आणि वाफ अंगावर येते. माणसे बाहेर काढावीत, बंबाचे तोंड झाकून हवा तोडावी, जमल्यास निखाऱ्यांवर कोरडी वाळू टाकावी आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. विझल्यासारखे वाटले तरी नळी आणि आढे तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नये.

साफसफाईचे तंत्र सोपे आहे, पण चूल पूर्ण निवलेली हवी. खालचे तोंड ओल्या पोत्याने बंद करावे, नाका-तोंडाला फडके बांधावे आणि नळीच्या मापाचा तारेचा ब्रश दोरीला वजन बांधून वरून खाली ओढावा. छपरावर चढणाऱ्याला खालून कोणी तरी धरून असावे. थर सुमारे तीन मिलिमीटरचा झाला, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतका, की सफाईची वेळ आलीच समजावे. टोकाला जाळीची टोपी बसवली तर साळुंक्यांची घरटी टळतात, पण जाळीच काजळीने बुजते; तीही झटकावी लागते. बुजलेले धुराडे विषारी वायू परत घरात सोडते, आणि त्या वायूला वास नसतो, म्हणून थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपण्याची चाल बंद व्हायला हवी. राखेतले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढावी.

आमच्या घरी वर्षातून दोनदा ब्रश फिरतो. पहिल्यांदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, कारण तेव्हा माहेरवाशिणी येतात आणि चूल-बंब तासन्‌तास धडधडतात. दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या झाडलोटीत. भिजल्या गंजीने चार महिन्यांत काय साठवले, ते त्या दिवशी सुपात दिसते. तो खडा फिरून पुढे आला असेल तर टेबलावर ठेवा, नातवाला शाळेत दाखवायला हवा आहे.