ओतीव गोळीला कोणती पावडर मानवते?

मंडळी, रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरायला घेतलेला माणूस दुकानात हमखास विचारतो, "यातली सगळ्यात जास्त वेग देणारी पावडर कुठली?" तांब्याचं कवच असलेल्या गोळीसाठी हा प्रश्न एक वेळ चालेल. साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळीसाठी आधी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ही गोळी किती दाब सोसेल? आणि पावडर टाकल्यावर पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीत, रिकामी जागा किती उरेल? पावडरची निवड या दोन उत्तरांतूनच होते.

मी अमेरिकेतल्या परिस्थितीबद्दल बोलतो आहे. तिथे स्वतःपुरती काडतुसं भरणं हा राजरोस छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ५ व्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. भारतातल्या मंडळींनी हे केवळ माहिती म्हणून ऐकावं.

रिकाम्या जागेची भानगड इतिहासातून आली आहे. .४५ कोल्ट हे काडतूस १८७३ चं. त्यात ४० ग्रेन काळी दारू भरत (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). .३८ स्पेशल १९ व्या शतकाच्या अगदी अखेरीचं, तेही मुळात २१ ग्रेन काळ्या दारूच्या मापाने बेतलेलं. काळी दारू पुंगळीत गच्च बसायची. पुढे धूरविरहित पावडर आली. काम तेवढंच, पण जागा लागते चिमूटभर. पुंगळ्या मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या. .३८ स्पेशलमध्ये १४८ ग्रेनच्या सपाट तोंडाच्या वॅडकटर गोळीमागे २.७ ग्रेन बुल्सआय पावडर ही निशाणेबाजांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भरणी. ही पावडर सुमारे १७५ मिलिग्रॅम झाली. पुंगळीचा पाचवा हिस्साही ती भरत नाही.

आता दाबाकडे वळू. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, .४५ कोल्टचा १४,०००, .३५७ मॅग्नमचा ३५,००० आणि .४४ मॅग्नमचा ३६,०००. धातू किती कठीण ते ब्रिनेल आकड्याने मोजतात; शुद्ध शिशाची ब्रिनेल कठिणता ५ च्या आसपास असते. ९० भाग शिसं, ५ भाग कथील आणि ५ भाग अँटिमनी हे प्रसिद्ध मिश्रण साधारण १५ ला पोचतं. छपाईच्या लायनोटाइप धातूची कठिणता २२. गोळीचा बुंधा किती दाबाला फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसेल, याचा एक ढोबळ हिशोब आहे : ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणायचं. १२ कठिणतेची गोळी सुमारे १७,००० पौंडांना फुगते, म्हणजे .३८ स्पेशलच्या अगदी वरच्या टोकाला.

आता हलक्या भरणीत २२ कठिणतेची गोळी घातली तर काय होईल? दाब तिला फुगवायला पुरत नाही. तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं खरवडतो आणि ते नळीच्या सुरुवातीलाच चिकटवतो. "नळीत शिसं बसतंय, गोळी आणखी कठीण करू" हा अनेकांचा उपाय म्हणजे आजार वाढवणारं औषध. हलक्या भरणीला मऊ गोळीच लागते. मॅग्नमला कठीण गोळी हवी, आणि वेग फारच चढवायचा असेल तर बुंध्याला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक.

अर्थात माप चुकलं असेल तर हा सगळा हिशोब फुकट. गोळी सिलिंडरच्या घशात, म्हणजे काडतुसाच्या खणाच्या पुढच्या अरुंद भागात, नीट बसणारी हवी. .३८ ला बहुधा .३५८ इंच, .४४ ला .४३० किंवा .४३१, .४५ कोल्टला .४५२ पासून .४५४ पर्यंत. मऊ शिशाचा तुकडा घशातून ढकलून मायक्रोमीटरने मोजा. घसा नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असेल तर गोळी आधीच चेपली जाते आणि नंतर नळीत सैल पडते. मग जगातली कुठलीही पावडर मदतीला येत नाही.

झटपट जळणाऱ्या पावडरी म्हणजे बुल्सआय, एचपी-३८, टाइटग्रुप. यांतली एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर, फक्त डबे वेगळे. जरा जपून वापरलं तर हलक्या भरणीसाठी यांच्याइतकी सोयीची पावडर नाही. १ पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे २.७ ग्रेनच्या हिशोबाने अडीच हजारांहून जास्त काडतुसं. एचपी-३८ चे कण चपट्या गोळ्यांसारखे असतात आणि पावडर मोजून टाकणाऱ्या मापकातून पाण्यासारखे वाहतात. टाइटग्रुप जपून वापरावी असं माझं मत आहे. ती फार गरम जळते. गॅस चेक नसलेल्या मऊ गोळीमागे गोळीवरचं वंगण जळून भरपूर धूर होतो, आणि नियमातल्या भरणीतसुद्धा वरच्या टोकाला चुकीला वाव उरत नाही.

रिकाम्या पुंगळीत पावडर कुठे पडली आहे, यानेही फरक पडतो. नळी खाली करून मग उचलली की पावडर गोळीकडे राहते. नळी आकाशाकडे करून उतरवली की ती प्रायमरकडे, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीकडे, येते. दोन्ही पद्धतींनी ५-५ गोळ्या वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरून सोडून बघा, वेगात चांगलाच फरक दिसेल. ज्या भरणीत हा फरक कमी ती निशाणेबाजीला चांगली. नवी पावडर घेतली की ही चाचणी चुकवू नका.

त्याहून मोठा धोका दुहेरी भरणीचा. २.७ ग्रेन दोनदा पडली तरी पुंगळी निम्मीही भरत नाही आणि गोळी निमूट बसते. सिलिंडर फुटून वरची पट्टी वाकलेल्या रिव्हॉल्व्हरांमागे पुष्कळदा हेच कारण निघतं. म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, पावडर टाकून झाल्यावर टॉर्चच्या उजेडात प्रत्येकीत डोकवायचं. एकीकडे पावडर, दुसरीकडे गोळी, असं एका हाती भरत जाऊ नका, कारण फोन वाजला की कुठवर आलो होतो ते विसरतं. फुगीर पावडर घेतली तर ही काळजी आपोआप कमी होते. ट्रेल बॉसचे कण छोट्या कड्यांसारखे, मधे भोक असलेले. तिची दुहेरी भरणी बहुधा पुंगळीच्या तोंडापर्यंत येते आणि गोळी बसतच नाही. पण गोळी बसवताना ती पावडर दाबू नका. कडी चिरडली की दाब वाढतो.

मधल्या वेगाची युनिक. ही पावडर शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. .४५ कोल्ट, .४४ स्पेशल आणि .३८ च्या जरा जोरकस भरणीसाठी मी आधी तिच्याकडेच जाईन. तिची दोन दुखणी आहेत. तिच्या मोठ्या चकत्या मापकात अडकतात आणि प्रत्येक टाकणीत थोडा फरक पडतो. हँडल प्रत्येक वेळी त्याच लयीत फिरवा, मापकाची टाकी अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नका आणि दर दहाव्या पुंगळीला तराजू काढा. दुसरं दुखणं, दाब कमी पडला तर चकत्या अर्धवट जळतात. त्या पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली जाऊन बसतात, मग सिलिंडर बंद होत नाही. पुंगळ्या काढताना नळी वर धरा, म्हणजे कण बाहेर पडतील.

.४५ कोल्टबद्दल वेगळं सांगायला हवं. १८७३ च्या पद्धतीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी मर्यादा १४,००० ची. भरणीच्या पुस्तकांत मजबूत रुगर रिव्हॉल्व्हरसाठी वेगळी कोष्टकं असतात. ती पानं उलटताना आपण कुठल्या बंदुकीसाठी भरतोय ते विसरायला नको. काळ्या दारूच्या जमान्यातल्या खऱ्याखुऱ्या जुन्या बंदुकीत धूरविरहित पावडर अजिबात नको.

मंद पावडरींत २४०० आणि एच-११०. .३५७ किंवा .४४ मॅग्नममध्ये ओतीव गोळी जोरात सोडायची तर २४०० सारखी समजूतदार पावडर नाही. पुंगळी बरीचशी भरते, त्यामुळे दुहेरी भरणी सांडून आपणच दिसते. गोळी हळूहळू ढकलली जाते, बुंधा एकदम चेचला जात नाही. थोडी कमी केली तरी ती नीट जळते. एच-११० तशी नाही. विंचेस्टर २९६ हीच ती. तिला उंच दाब, वजनदार गोळी, घट्ट दुमडलेलं तोंड आणि कोष्टकात सांगितलेला मॅग्नम प्रायमर लागतो. इतर पावडरींत कमाल भरणीच्या १० टक्के खालून सुरुवात करायचा रिवाज आहे. हिच्यात कंपनी ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका असं सांगते. भरणी फार कमी झाली तर जाळ अर्ध्यावर विझून गोळी नळीत अडकू शकते. आवाज बारीक आला की थांबायचं आणि नळीतून काठी घालून बघायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी सोडली तर नळी फुगते. मऊ गोळीची हलकी मॅग्नम भरणी हवी असेल तर एच-११० तुमच्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

ब्लू डॉट पावडरबाबत अलायंट कंपनीने २००८ मध्ये सूचना काढली होती : .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या गोळीमागे आणि .४१ मॅग्नममध्ये कुठल्याच गोळीमागे ती वापरू नये. जुनी पुस्तकं चाळून भरणी काढणाऱ्यांना हे ठाऊक असायलाच हवं. आकडा नेहमी कंपनीच्या चालू कोष्टकातला घ्या, त्याच गोळीच्या वजनाचा आणि त्याच खोलीवर बसवलेल्या गोळीचा. वॅडकटर पुंगळीच्या काठाशी सपाट बसते, आतली जागा खाते आणि दाब वाढवते. तिची पावडर दुसऱ्या आकाराच्या गोळीला, किंवा उलट, लावू नका.

आता भरताना. पुंगळीचं तोंड किंचित रुंद केल्याशिवाय शिशाची गोळी बसवू नका, कड तिला सोलते. गोळी बसवणं आणि तोंड दुमडणं ही दोन कामं दोन वेगळ्या डायमध्ये (भरणीयंत्राच्या साच्यांत) करा. दुमडण हलकी असेल तर धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे सर्रास होतं. उलट, शेवटी पुंगळी दाबून सारखी करणाऱ्या डायमधून काडतूस गेलं तर आतली .३५८ ची गोळी बारीक होऊ शकते. मग शिसं चिकटू लागतं आणि दोष पावडरच्या माथी मारला जातो. शंका आली तर भरलेल्या काडतुसातली गोळी हातोडीच्या पुलरने काढून मोजा.

शिसं नळीत कुठे चिकटलंय ते बघून पुष्कळ कळतं. सुरुवातीला असेल तर आधी गोळीचं माप, मग कठिणता आणि दाब यांची जोडी तपासा. पुढच्या टोकाला असेल तर वंगण वाटेत संपलं, म्हणजे वंगण बदला किंवा वेग कमी करा. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये .३८ ची काडतुसं वापरली तर आखूड पुंगळीच्या तोंडाशी काजळी आणि शिशाची कडी जमते, मग मॅग्नमची पुंगळी आत जाताना अडते. त्यासाठी कडक तांब्याचा ब्रश लागतो. हलकी भरणी .३५७ च्या पुंगळीत भरून हे टाळता येतं, पण तिथे जागा जास्त, म्हणून वेग थोडा पडतो.

काम संपलं की मापकातली पावडर तिच्याच डब्यात परत ओता. रात्रभर तशीच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी करडे कण बघून एचपी-३८ कोणती आणि एच-११० कोणती, हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी प्लास्टिकची टाकी धुरकट करतात. नाव नसलेली पावडर सापडली तर वासाने ओळखू पाहू नका, बागेत पातळ पसरून टाका, खत म्हणून उपयोगी पडते. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा.