शाळेचा इतिहास जनरल रजिस्टरात शोधा

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिकमधल्या काही शाळांनी शंभरी ओलांडली आहे, काहींची जवळ आली आहे. शताब्दी म्हटली की स्मरणिका आलीच. संस्थापकांचे फोटो, बोर्डात आलेल्यांची नावं, देणगीदारांची यादी. हे सगळं हवंच. पण पहिला आलेला आणि सातवीतून शाळा सोडून गेलेला, अशी दोन्ही मुलं शेजारीशेजारी भेटतात ती जनरल रजिस्टरात. शाळा सोडल्याचा दाखला ज्यावरून उतरवून देतात, तेच हे जाडजूड रजिस्टर. ते कायम जपायचं दप्तर आहे. शाळेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी ते कपाटातून बाहेर काढावं, हे आज आग्रहानं सांगायचं आहे.

पहिला घोळ होतो स्थापनेच्या सालाचा. संस्थेचं साल आणि शाळेचं साल एक नसतं. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. पण त्यांच्या प्रत्येक शाळेला हीच सालं लावून चालणार नाही. शाळेचा पहिला वर्ग कधी भरला, मान्यता कधी मिळाली, मॅट्रिकचा वर्ग कधी जोडला गेला, देणगीदाराचं नाव कधी लागलं, या चार वेगळ्या तारखा आहेत. चारही लिहा. रजिस्टरातली पहिली नोंद यात मोठा पुरावा ठरते, मात्र एक पाहून घ्या. सुरुवातीच्या दहा वर्षांच्या नोंदी एकाच हातानं, एकाच शाईत असतील, तर ते बहुधा मूळ रजिस्टर नव्हे. जुनं फाटलं म्हणून कुणीतरी नव्यात उतरवून काढलेलं असतं, आणि उतरवताना चुका होतात.

दुसरा घोळ इयत्तांचा. जुन्या पद्धतीत मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्यामुळे ‘इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली’ याचा अर्थ आजची सातवी. हे ध्यानात न घेतल्यानं चांगल्या शिकलेल्या पिढ्याच्या पिढ्या तिसरी नापास ठरवल्या जातात.

तिसरा घोळ आकड्यांचा. शेवटचा रजिस्टर नंबर म्हणजे एकूण विद्यार्थी नव्हेत. शाळा सोडून परत आलेल्या मुलाला कधी नवा नंबर मिळतो, कधी जुनाच. नवं रजिस्टर घालताना कधी पुन्हा एकपासून सुरुवात झालेली असते. जन्मतारखांचंही तसंच. पानावर जिकडेतिकडे १ जून दिसला तर दचकू नका. शाळा जूनमध्ये उघडायची, नेमकी तारीख माहीत नसलेल्या मुलाला गुरुजी तीच लावून द्यायचे.

आता फोटो काढण्याविषयी. रजिस्टरातली एक ओळ बहुधा डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपते. डावीकडे नाव, जात, जन्मतारीख; उजवीकडे सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. म्हणून दोन्ही पानं एकाच फोटोत घ्या. वेगवेगळी काढली की ओळ एक-दोन घरं सरकते आणि एकाचा शेरा दुसऱ्याच्या माथी बसतो. फ्लॅश नको, खिडकीजवळचा उजेड पुरे. एकानं पान उलटावं, दुसऱ्यानं फोटो काढावा. फाइलीला नाव देताना पानावरचा पहिला आणि शेवटचा नंबर टाका. यादी करताना नाव जसं लिहिलंय तसंच एका रकान्यात ठेवा, आजचं शुद्धलेखन शेजारच्या रकान्यात. मोडीतली पानं जाणकारालाच दाखवा. अंदाजानं वाचू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात हीच जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली, तेव्हा एका शब्दाला किती वजन असतं ते सगळ्यांनी पाहिलं. आणि जात, पत्ता हे रकाने स्मरणिकेत छापायचे नसतात.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असा रकाना म्हणजे पालकाचा धंदा. रजिस्टरात नसेल तर प्रवेश-अर्जांच्या फाइली काढा. गोदाकाठच्या शाळेत तीर्थोपाध्याय, तांबट, कासार, माळी हे शब्द शोधा. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आला. ‘प्रेस नोकरी’ पहिल्यांदा कोणत्या साली दिसते ते टिपा. तसंच १९६४ नंतर ओझरचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडची एमआयडीसी. दर दहा वर्षांतलं एकेक वर्ष घेऊन या रकान्यातले शब्द मोजले, तरी ही शाळा कुणाची होती आणि कुणाची होत गेली ते समोर येतं. जन्मगावाचा रकाना जोडीला ठेवला तर पेठ, सुरगाणा, सिन्नर, येवला इथून मुलं कधी येऊ लागली तेही कळतं. मुलींची पहिली नावं कोणत्या वर्षी येतात, हे तर वेगळं प्रकरणच होईल.

शेवटी जपणुकीचं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका; काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरंही घेऊन जातो. लॅमिनेशन तर नकोच, कारण ते पुन्हा निघत नाही. गोदावरीचे १९६९, २००८ आणि २०१९ चे पूर नाशिककरांना ठाऊक आहेत, म्हणून काठच्या शाळांनी दप्तर तळमजल्यावर, खालच्या फळीत ठेवू नये. तरीही रजिस्टर भिजलंच, तर पानं ओढून सोडवू नका आणि उन्हात टाकू नका. ऊन लागलं की कागद वाकडा होतो. रजिस्टर उभं करून पंख्याच्या वाऱ्याला ठेवा, सुटतील तेवढ्याच पानांमध्ये कोरा टीपकागद घाला आणि तो दर दोन-तीन तासांनी बदला. बुरशी दोन दिवसांत धरते, तेव्हा हे काम त्याच दिवशी सुरू करायचं.