नाकावरचं कुंकू

मुलाला 'मी' कधी कळायला लागतो, ते या दृश्यांमधून बघूया. आजी वाकून बोलतेय ना, ते अंतर बघा, वीतभरच आहे. दीड महिन्याच्या बाळाला साधारण तेवढ्यातलंच नीट दिसतं, म्हणजे त्याचं जग सध्या आजीच्या चेहऱ्याएवढं.

हा पठ्ठ्या 13 महिन्यांचा. नाक पुसता पुसता आईने हळूच कुंकवाचं बोट लावलंय, त्याला पत्ताच नाही. आरशातल्या बाळाला बघून हसतोय, काचेवर थापट्या मारतोय, आणि आता चक्क आरशाच्या मागे जाऊन शोधतोय की तो दुसरा गेला कुठे.

आता ही, 21 महिन्यांची. कुंकू तेच, आरसा तोच. हात कुठे जातोय ते बघा.

स्वतःच्या नाकावर!

ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1972 मध्ये 3 ते 24 महिन्यांच्या मुलांवर हाच प्रयोग केला होता, आणि दीड ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी हा हात असा वळतो हे दाखवलं. काही मुलं नाकाला हात लावत नाहीत, नुसती गप्प उभी राहतात, म्हणून लगेच आरशात आपणच आहोत हे त्यांना कळलं नाही असं समजू नका.

ही अंगणवाडी. इथे पुढची पायरी, दुसऱ्याला काय वाटत असेल ते ओळखण्याची. ताईंनी बिस्किटाचा पुडा दाखवला, आत काय? "बिस्कीट!" उघडला तर खडू. मग ताई विचारतात, बाहेरचा दादा न उघडता काय म्हणेल? तीन वर्षांची ही म्हणते, "खडू." बरं, तू आधी काय म्हणाली होतीस? "खडू!" खोटं नाही बोलत ती, मगाशी आपल्याला वेगळं वाटलं होतं हेच तिला अजून धरता येत नाही. शेजारचा साडेचार वर्षांचा मात्र दादाचं नाव काढताच हसायला लागलाय, दादा फसणार हे त्याला कळलंय.

पुढे शाळा, मग वयात येणं, आणि कपाळामागचा मेंदू तर पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो.

पण सुरुवात इथली आहे, या सतरंजीवरची. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं हेच काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या. आजच्या ताईंना रजिस्टरं, वजनं, खिचडी, मोबाइलवरची माहिती हे सगळं उरकून असं मुलांसमोर बसायला वेळ काढावा लागतो, आणि तो वेळ त्यांना मिळायलाच हवा.

हजेरी चाललीय. ताई नाव घेतात, मूल छातीवर हात ठेवून म्हणतं, "मी!"